मोडलेल्या दात्याचा इतिहास : हातरेचा, त्याची दुरुस्ती आणि जतन (खानदेशाच्या संदर्भात)

यंत्रांचा इतिहास आपल्याकडे बहुधा आगमनाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. अमुक साली आगगाडी आली, अमुक साली पहिली गिरणी उभी राहिली, अमुक साली वाफेचे इंजिन बसले, अशी नोंद केली की विषय संपला असे मानण्याची प्रथा आहे. परंतु यंत्र आल्यानंतर केव्हा तरी ते मोडते, आणि त्या वेळी काय घडले याची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. मोडलेला भाग कोणी घडवला, कशाचा घडवला, त्याकरिता किती दूर जावे लागले, की घडवणारा न मिळाल्याने यंत्र अडगळीत पडले, या प्रश्नांच्या उत्तरांवरच एखादे यंत्र त्या समाजात रुजले की नाही हे ठरते. प्रस्तुत लेखात कापसातील सरकी वेगळी करणाऱ्या हातरेच्याचा विचार या दृष्टीने केला आहे. असे जुने, मोडके यंत्र आज हाती आले तर त्याचा जीर्णोद्धार कसा करावा, हा प्रश्नही त्याच विचारातून निघतो.

खानदेश हा विषय समजून घेण्यास योग्य प्रदेश आहे. तापी आणि गिरणेच्या खोऱ्यातील काळी जमीन, कापसाचे जुने पीक आणि मुंबईशी रेल्वेने जुळलेली बाजारपेठ या तीन गोष्टी येथे एकत्र आल्या. गिरणेकाठचे भडगाव त्या दृष्टीने विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई सरकारने खानदेशातील आपले प्रायोगिक शेत भडगावीच चालविले होते. नवी बियाणी, नवी अवजारे आणि लागवडीच्या नव्या पद्धती तेथे अजमावून पाहिल्या जात. १८७२ च्या महापुराने भडगावचे मोठे नुकसान झाले, तरी शेत पुढे चालू राहिले. सरकारी शेतावरील अवजार आणि त्याच गावातील सुताराने घडवलेले अवजार एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असताना शेतकऱ्याने कोणते उचलले, हा प्रश्न केवळ जुन्या वळणाच्या हट्टाचा नव्हता.

रेच्याची रचना व मोड

सरकी काढण्याच्या हातयंत्राला कोठे रेचा, कोठे चरखा तर कोठे चरकी म्हणत. इंग्रजी कागदपत्रांत तो 'चर्का' या नावाने येतो, आणि सूत काढण्याच्या चरख्याशी त्याची गल्लत वाचकाने करू नये. याचे पूर्वरूप अतिशय प्राचीन आहे. जळगावहून सुमारे ६० किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत सपाट पाटावर एकच लाट फिरवून सरकी काढण्याचे दृश्य असल्याचे जर्मन भारतविद्यावेत्ते डीटर श्लिंगलोफ यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले. ही चित्रे इसवी सनाच्या पाचव्या शतकातील मानली जातात. त्यानंतर केव्हा तरी एका लाटेच्या जागी दोन लाटा आल्या. एकमेकींच्या उलट फिरणाऱ्या या लाटांच्या फटीतून तंतू पलीकडे ओढले जातात आणि सरकी अलीकडे राहते. तत्त्व एवढेच. अवघड प्रश्न होता तो एका हाताने दोन्ही लाटा उलट दिशांना कशा फिरवायच्या हा.

चीनमध्ये वांग झेन याच्या १३१३ मधील कृषिग्रंथात जो रेचा वर्णिला आहे त्यात दोन माणसे दोन मुठी फिरवतात आणि तिसरा कापूस भरतो. भारतीय रेच्यात हे काम लाटांच्या टोकांना कोरलेल्या मळसूत्रांनी केले. एक लाट मुठीने फिरवली की तिच्या टोकावरील मळसूत्र दुसरीच्या मळसूत्रात गुंतून तिला उलट फिरवते, आणि एकच व्यक्ती एका हाताने मूठ व दुसऱ्याने कापूस सांभाळू शकते. ही समांतर मळसूत्रांची जोडणी जोसेफ नीडहॅम यांनी चिनी विज्ञानाच्या इतिहासात भारताचे वैशिष्ट्य म्हणून नोंदवली. इरफान हबीब यांनी मळसूत्र व मूठ यांचा रेच्यातील प्रसार मध्ययुगीन भारताच्या तांत्रिक बदलांत गणला आहे. अर्थात सगळेच रेचे मळसूत्राचे नव्हते. पश्चिम भारतात एक लाट लाकडी आणि दुसरी बारीक लोखंडी सळईची, अशी रचनाही प्रचलित होती, आणि तीत दोन्ही टोकांना दोन माणसे लागत.

आता हे यंत्र मोडते कोठे ते पाहू. लाकडाचे तंतू लाटेच्या लांबीच्या दिशेने जातात, आणि मळसूत्राचा कंगोरा त्यांना तिरका छेदून कोरलेला असतो. त्यामुळे फटीत कवडी किंवा खडा अडकला आणि फिरवणाऱ्याने जोर लावला की कंगोऱ्याचा तुकडा तंतूंच्या रेषेत निसटतो. हा रेच्याचा नेहमीचा मोड होय. दुसरा मोड खुंटातील छिद्रांचा. लाट ज्या छिद्रात फिरते ते वर्षानुवर्षांच्या घर्षणाने लांबट होते, लाटांमधील फट वाढते आणि सरकी तंतूंबरोबर पलीकडे जाऊ लागते. तिसरा मोड म्हणजे मूठ सैल होणे किंवा लोखंडी सळई वाकणे.

यांतील एकही दुरुस्ती गावाबाहेरची नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. निसटलेल्या कंगोऱ्याची जागा पटाशीने चौकोनी करून तेथे बाभळीसारख्या टणक लाकडाचा तुकडा सरसाने बसवायचा आणि वाळल्यावर कोरून मूळ वळणात आणायचा. छिद्र झिजले तर त्यात लाकडी बुडी ठोकून नवे छिद्र पाडायचे, किंवा खुंटाच्या खाचेत पाचर मारून लाट पुन्हा जवळ आणायची. लाट नवी करायची झाल्यास कातारी ती दोरीने ओढायच्या खरादावर गोल करी. सळई सरळ करणे लोहाराच्या एका तापवणीचे काम. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात वर्णिलेल्या बलुतेदारीच्या व्यवस्थेत सुतार व लोहार हे कुणब्याच्या अवजारांचे कायमचे दुरुस्तीकार होते. लाकूड, लोखंड कुणब्याचे आणि हात कारागिराचे, असा तो व्यवहार होता. वाकस, रंधा, पटाशी, करवत आणि सामता एवढ्या हत्यारांत रेच्याचे सारे आयुष्य सामावत असे.

तथापि या यंत्राचे गुणगान करताना एक गोष्ट विसरता कामा नये. रेचा फिरवणाऱ्या बहुतांश स्त्रिया होत्या. दिवसभर मूठ फिरवून हाती काही पौंडच रुई येई. यंत्र दुरुस्तीला सोपे होते, याचा अर्थ ते फिरवणारीला सोपे होते असा नाही.

करवती रेचा व धारवाडचा अनुभव

अमेरिकेत एली व्हिटनी याने १७९४ मध्ये पेटंट घेतलेला करवती रेचा सरकीला घट्ट चिकटलेल्या तंतूंच्या कापसाकरिता निर्माण झाला. गोल करवतींचे दात तंतू पकडून सळ्यांच्या जाळीतून ओढतात. ईस्ट इंडिया कंपनीने १८४० च्या सुमारास अमेरिकेतून कापूस-लागवडीचे जाणकार आणून मुंबई इलाख्यात प्रयोग सुरू केले, तेव्हा त्यांच्याबरोबर हे यंत्रही आले. पुढे १८५७ मध्ये मँचेस्टर येथे स्थापन झालेल्या कॉटन सप्लाय असोसिएशनने बियाणे आणि हातरेचे भारतात पाठविण्याचा सपाटा लावला. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात तर भारतातील प्रत्येक कापूस-जिल्ह्याकडे लँकेशायरचे डोळे लागले होते.

तरीही करवती रेचा सर्वत्र टिकला नाही. त्याचे एक कारण सर्वज्ञात आहे. देशी कापसाचा तंतू आखूड, आणि करवतीचे दात तो तोडून टाकत. दुसऱ्या कारणाची चर्चा मात्र फारशी होत नाही. करवतीची पोलादी तबकडी, बिडाची चौकट, ब्रशाचे ढोल आणि दंतचक्रे यांपैकी काहीही मोडले तर गावचा सुतार-लोहार त्यापुढे हतबल होता. बीड घणाखाली घडत नाही. लोहाराने ते तापवून ठोकले तर तडकते. बिडाचा मोडलेला दाता नवा करायचा तर ओतशाळा हवी, आणि ती मुंबईशिवाय जवळपास नव्हती.

धारवाडचा अपवाद या म्हणण्याला बळकटीच देतो. धारवाड भागात अमेरिकन जातीचा कापूस रुजला. त्याची सरकी देशी रेच्याने नीट निघत नसे, म्हणून करवती रेच्यांना खरी मागणी निर्माण झाली. परंतु केवळ मागणीने यंत्र टिकत नाही. तेथे सरकारने रेचे तयार करण्याचा आणि दुरुस्त करण्याचा कारखाना चालविला. त्याचे अधीक्षक डॉ. फोर्ब्स यांनी देशी रेच्यातही सुधारणा करून पाहिल्या आणि पुढे ते मुंबई इलाख्याचे कापूस आयुक्त झाले. धारवाडमध्ये मोडलेला करवती रेचा कोठे न्यायचा हे मालकाला ठाऊक होते. खानदेशात एखादा करवती रेचा आलाच, तर त्याच्यामागे अशी सोय नव्हती. जेथे दुरुस्तीचे केंद्र होते तेथे परके यंत्र घरचे झाले आणि जेथे नव्हते तेथे ते नमुन्यादाखल उरले, असे या तुलनेवरून म्हणता येते. वॉल्टर कॅसेल्स यांचा मुंबई इलाख्यातील कापसावरील ग्रंथ (१८६२) आणि जे. फोर्ब्स वॉटसन यांचा सरकी काढण्याच्या यंत्रांवरील अहवाल (१८७९) या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहेत. यंत्राने तासाला किती रुई दिली याचे हिशेब अशा अहवालांत मनोभावे मांडलेले असतात. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र यंत्र किती दिवस बंद पडून राहिले असेल हाही प्रश्न त्यांना विचारावा.

कारखान्याकडे गेलेली मूठ

खानदेशात हातरेच्याला हटवले ते करवती रेच्याने नव्हे. फोन्स मॅकार्थी याने १८४० मध्ये पेटंट घेतलेल्या रेच्यात चामड्याची लाट, तिच्यावर टेकलेले स्थिर पोलादी पाते आणि वरखाली हलणारे दुसरे पाते असते. तंतू चामड्याला चिकटून पात्याखालून जातो आणि सरकी दुसऱ्या पात्याच्या धक्क्याने खाली पडते. तंतू तुटत नाही, म्हणून देशी कापसाला हे यंत्र मानवले. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनी त्याचे हाताने फिरवायचे नमुनेही बनवले. परंतु त्याचा खरा विस्तार वाफेच्या बळावर झाला. १८६० च्या दशकात रेल्वे खानदेशात पोहोचल्यावर जळगाव हे कापसाचे मोठे ठाणे बनले आणि जिनिंगचे कारखाने उभे राहू लागले. आजही खानदेशातील जिनिंग कारखान्यांत चालणारी डबल रोलर यंत्रे याच तत्त्वावर आधारलेली आहेत. विशेष म्हणजे या यंत्राचा जो भाग सर्वांत लवकर झिजतो, ती चामड्याची लाट, बदलण्याचे व तिला खाचा पाडण्याचे काम कारखान्यातला कारागीर जागेवरच करू शकत असे. यंत्र परके असले तरी त्याचा नाशवंत भाग स्थानिक हातांच्या आवाक्यात होता.

या स्थित्यंतराची किंमत कोणी मोजली, तेही सांगितले पाहिजे. १८८१ चा कारखाना कायदा शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या आणि वर्षातून चार महिन्यांहून अधिक चालणाऱ्या कारखान्यांपुरता होता. हंगामी जिनिंग कारखाने त्यातून सहज निसटत. १८८४-८५ मधील मुंबईच्या कारखाना आयोगासमोर खानदेशातील जिनिंग कारखान्यांत हंगामात स्त्रियांना दिवसरात्र कामावर ठेवले जात असल्याच्या साक्षी झाल्या. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांच्या कामाचे तास ११ वर आणले. घरातल्या रेच्याची मूठ फिरवून थकणारी स्त्री हवे तेव्हा ती थांबवू शकत होती. कारखान्यात थांबणे तिच्या हाती उरले नाही. हातरेचे अडगळीत गेले ते या काळात, आणि नंतर त्यांचे लाकूड चुलीत गेले असावे असे मानण्यास हरकत नाही. आज असा रेचा क्वचित दिसतो, त्याचे हेच कारण.

दुरुस्तीची अट

यंत्र कितपत दुरुस्त करता येते, हा प्रश्न भारतात उघडपणे विचारला गेला तो १९२९ मध्ये. अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. चरख्याने आठ तासांत १६,००० वार सूत द्यावे आणि त्याची किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी, या अटी बहुधा सांगितल्या जातात. परंतु त्याच पत्रकात आणखी एक अट होती. यंत्र वेळेवर निगा राखल्यास किमान २० वर्षे चालले पाहिजे आणि झिजलेले भाग बदलण्याचा वार्षिक खर्च किमतीच्या ५ टक्क्यांहून अधिक होता कामा नये. दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या व्याख्येतच घालणारे असे पत्रक त्या काळी विरळाच म्हटले पाहिजे. पुढे किर्लोस्करवाडीत तयार झालेला एक चरखाही परीक्षेस आला. बक्षीस मात्र कोणासच मिळाले नाही.

किर्लोस्करवाडीचे नाव येथे यावे हे साहजिकच होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) यांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी समजूत त्यांच्या आड आली, ही कथा सर्वश्रुत आहे. तिच्यामागे एक व्यावहारिक शंकाही असावी असे वाटते. लाकडी नांगर मोडला तर गावात सुतार आहे, लोखंडी मोडला तर कोण? १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडलजवळ किर्लोस्करवाडी वसली. तेथील ओतशाळेत फर्मे बनवणारे सुतारच होते, ही बाब लक्षणीय आहे. बिडाची वस्तू ओतण्यापूर्वी ती लाकडात घडवावी लागते. गावगाड्यातले सुतारकाम अशा रीतीने नव्या कारखान्याच्या पायाशी गेले.

खानदेशात फैजपूर येथे डिसेंबर १९३६ मध्ये धनाजी नाना चौधरी आदी कार्यकर्त्यांच्या परिश्रमातून काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. तेथील खादी व ग्रामोद्योग प्रदर्शनाचे उद्घाटन महात्मा गांधींनी केले. खादीच्या कार्यक्रमात सूत काढणाऱ्याने कापसाची सरकीही स्वतः काढावी असा आग्रह होता, कारण कारखान्यात गाठीमध्ये दाबलेल्या रुईपेक्षा घरी काढलेली रुई पिंजण्यास चांगली. त्यामुळे हातरेच्याचे दुसरे, अल्पायुषी पर्व सुरू झाले. आज कोठे हातरेचा मिळालाच तर तो बलुतेदारीच्या काळचा की खादीच्या काळचा, हे ठरवणे हे अभ्यासकाचे पहिले काम ठरते.

जीर्णोद्धाराचा प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समजा, एखाद्या वाड्याच्या माळ्यावरून किंवा भंगारवाल्याच्या ढिगातून असा हातरेचा महाविद्यालयाच्या इतिहास विभागाकडे आला. मूठ नाही, एका लाटेचे मळसूत्र अर्धे निसटलेले, खुंट किडलेला. सर्वसाधारणपणे काय केले जाते? कॉस्टिक सोड्याने धुऊन, तारेच्या ब्रशने गंज खरवडून, वार्निशाचे दोन हात देऊन आणि मोडलेल्या भागाच्या जागी नवे लाकूड घालून त्याला दिवाणखान्यात ठेवता येईल असे केले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते हा जीर्णोद्धार नव्हे. अशाने वस्तू वाचते, परंतु तिच्यातील कागदपत्र जळून जाते.

कागदपत्र हा शब्द येथे जाणूनबुजून वापरला आहे. लाटेच्या टोकाशी साचलेल्या तेलकट मळीत कापसाचे तंतू अडकून राहतात. त्यांची लांबी व जाडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर तो कापूस देशी होता की अमेरिकन जातीचा, याचा अंदाज करता येतो. म्हणजे कोणत्या पिकाच्या काळात यंत्र अखेरचे चालले, हे त्या मळीवरून कळू शकते. सोड्याच्या पहिल्याच बादलीत हा पुरावा वाहून जातो. छिद्राची झीज कोणत्या बाजूस अधिक आहे यावरून फिरवणारी व्यक्ती कोठे बसत असे ते कळते. मुठीच्या दांड्याची उंची मोजली तर ती जमिनीवर बसे की पाटावर, हेही सांगता येते.

जुन्या दुरुस्त्या तर सर्वांत मोलाच्या. लाकडी खुंटावर रिबिटांनी जडवलेली लोखंडी पट्टी, दुसऱ्याच लाकडाची पाचर, बदललेला बोल्ट यांतील प्रत्येक गोष्ट एखाद्या अनामिक कारागिराची नोंद होय. तिला कालक्रमही लावता येतो. बोल्टाच्या मळसूत्राचा कोन ५५ अंशांचा असेल तर तो १८४१ पासून ब्रिटनमध्ये रूढ झालेल्या व्हिटवर्थ पद्धतीचा, आणि ६० अंशांचा व मिलिमीटरच्या मापाचा असेल तर बहुधा आपल्याकडील १९५६ च्या मेट्रिक कायद्यानंतरचा. सरसाने चिकटवलेला तुकडा आणि रासायनिक डिंकाने चिकटवलेला तुकडा यांतही पिढ्यांचे अंतर असते. जीर्णोद्धार करणाऱ्याने 'मूळ रूप' आणण्याच्या नादात या दुरुस्त्या काढून टाकल्या, तर यंत्राचे आयुष्य पुसून फक्त त्याचा जन्म उरतो.

म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी छायाचित्रे, मापे, दात्यांची संख्या, लाकडाची ओळख. मग कोरड्या मऊ ब्रशाने धूळ काढणे. मळीचे नमुने स्वतंत्र पुडीत घालून त्यांवर तारीख टाकणे. मोडलेला भाग फेकून न देता चिठ्ठी लावून जपणे. नवा भाग घालणे अपरिहार्य असेल तर १९६४ च्या व्हेनिस सनदेचे तत्त्व उपयोगी पडते. ती सनद वास्तूंसाठी असली तरी तिचा आशय यंत्रांनाही लागू आहे : नवा भाग एकंदर रूपात मिसळावा, पण मुळाहून वेगळा ओळखता यावा. नव्या तुकड्याच्या आतल्या बाजूस वर्ष कोरून ठेवले की पुढच्या अभ्यासकाची फसगत होत नाही. चिकटवण्यास सरसच वापरणे श्रेयस्कर, कारण उष्णतेने व ओलाव्याने तो पुन्हा सुटतो. गावच्या सुताराला ही गोष्ट कोणत्याही सनदेवाचून ठाऊक होती.

बिडाचे भाग असलेला हातरेचा मिळाल्यास काळजी अधिक. मोडलेल्या बिडाच्या चाकावर नेहमीच्या विजेच्या वेल्डिंगने टाके मारण्याचा मोह होतो. बीड सर्व बाजूंनी तापवून न घेता असे केले तर जोडाशेजारी ते कडक व ठिसूळ होऊन नवीच चीर जाते. ब्राँझच्या सळईने दिलेली झाळ बीड न वितळवता बसते, म्हणून ती तुलनेने सुरक्षित. नवे चाक ओतून घ्यायचे असल्यास मोडक्या चाकाचाच फर्मा म्हणून उपयोग करणे ही नेहमीची चूक आहे. बीड थंड होताना शंभरास एक या प्रमाणात आकसते. ३० सेंटिमीटरचे चाक सुमारे ३ मिलिमीटरने लहान येते, त्याच्या दात्यांमधील अंतरही तेवढ्याच प्रमाणात घटते, आणि जोडीच्या जुन्या चाकाशी ते घरघरत राहते. फर्मा बनवणारा सुतार याच कारणाने आकस धरून वेगळी मोजपट्टी वापरतो.

यंत्र पुन्हा चालवावे का, याविषयी मतभेद संभवतात. प्रस्तुत लेखकाचा कल मूळ यंत्र स्थिर ठेवून त्याच मापांची प्रतिकृती चालवण्याकडे आहे. विद्यार्थ्याने प्रतिकृतीची मूठ तासभर फिरवून हाती आलेली रुई तोलून पाहावी. एकोणिसाव्या शतकातील अहवालांतील आकडे त्यानंतर वेगळ्याच रीतीने वाचले जातात. कायद्याची बाजूही आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात गतकाळातील विज्ञान व कारागिरीची निदर्शक अशी, किमान शंभर वर्षे जुनी वस्तू पुरावस्तूच्या व्याख्येत येते. व्यवहारात मात्र मूर्ती आणि नाणी यांच्याकडे सर्वांचे लक्ष असते आणि रेचा किलोच्या भावाने जातो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाने घरगुती वापराच्या वस्तूंनाही संग्रहालयात जागा असते हे दाखवून दिले. खानदेशात धुळ्याच्या इतिहासाचार्य राजवाडे संशोधन मंडळाने कागदपत्रांसाठी जी निष्ठा दाखवली, तिचा काही अंश येथील महाविद्यालयांनी अवजारांसाठी दाखविण्यास हरकत नसावी. भडगाव परिसरातील सुतार, लोहार आणि कातारी घराण्यांतील वृद्धांकडून हत्यारांची नावे, लाकडांची पारख आणि दुरुस्तीच्या रीती नोंदवून घेणे हे एका सत्राच्या प्रकल्पात बसणारे काम आहे, आणि ते लांबणीवर टाकण्यास आता फारसा अवधी नाही.

अशा प्रकल्पात मळसूत्राची लाट नव्याने कोरण्याचा प्रसंग आला, तर एक तांत्रिक बाब आधीच ध्यानात ठेवावी. शाबूत लाट समोर ठेवून तिची हुबेहूब नक्कल करणे स्वाभाविक वाटते. पण समांतर ठेवलेल्या दोन लाटांची मळसूत्रे एकमेकींत गुंतून उलट फिरायची तर एकीवर ती उजवी आणि दुसरीवर डावी असावी लागतात. म्हणून शाबूत लाटेवर कागदाची पट्टी ज्या कलाने गुंडाळली असता कंगोऱ्याशी जुळते, तीच पट्टी नव्या लाटेवर विरुद्ध कलाने गुंडाळून रेषा आखावी आणि मगच पटाशीला हात घालावा. नकलेने केलेल्या दोन एकसारख्या लाटांची मळसूत्रे परस्परांत बसवली, तरी त्या दोन्ही एकाच दिशेने फिरतात आणि कापूस फटीपाशीच अडून राहतो.